क्रिस्टल पॅलेसचा मनोरा आगीतून वाचलेला नाही

दक्षिण लंडनमधील क्रिस्टल पॅलेस या उपनगरातल्या दूरचित्रवाणी मनोऱ्याविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. हा मनोरा म्हणजे १८५१च्या काचमहालाचा १९३६च्या आगीतून वाचलेला लोखंडी भाग आहे, जगातील पहिली दूरचित्रवाणी सेवा येथूनच सुरू झाली, लंडनमध्ये त्याच्याहून उंच बांधकाम आजही नाही आणि डिजिटल प्रक्षेपण आल्यापासून तो नुसता शोभेला उभा आहे, असे त्यात ठासून सांगितले आहे. त्याच परिसरात राहणाऱ्या माझ्या भाचीने हा मजकूर शाळेच्या वहीत जसाच्या तसा उतरवल्याचे कळल्यावर मला गप्प राहवले नाही.

आगीची गोष्ट यात सर्वांत निराधार आहे. हाइड पार्कमधील प्रदर्शनासाठी उभारलेला काचमहाल पुढे याच परिसरातील सिडनहॅमच्या टेकडीवर हलवण्यात आला आणि १८५४मध्ये तेथे पुन्हा खुला झाला. त्याच्या दोन टोकांना अभियंते इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल यांनी आखलेले दोन जलमनोरे होते. बागेतील कारंज्यांना दाब मिळावा म्हणून त्यांच्या माथ्यावर पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या. ३० नोव्हेंबर १९३६च्या रात्री महाल जळून गेला आणि हे दोन मनोरे मात्र वाचले, एवढे मान्य करावे लागते. परंतु युद्धकाळात तेही गेले. दक्षिणेकडचा मनोरा लगतच्या घरांना धोका नको म्हणून सुटा करून उतरवला गेला, तर उत्तरेकडचा १९४१मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. शिवाय ते जलमनोरे सुमारे ८६ मीटर उंच होते आणि आजचा मनोरा २१९ मीटर उंच आहे. जळालेल्या वास्तूचा उरलेला तुकडा तिच्या सर्वांत उंच भागाच्या अडीचपट कसा असेल, हा साधा प्रश्न मजकूर पुढे धाडणाऱ्या कोणालाच पडू नये, याचा मला खरोखर राग येतो. बीबीसीने लंडनचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण अलेक्झांड्रा पॅलेसहून या नव्या मनोऱ्यावर आणले ते २८ मार्च १९५६ रोजी.

हा एक दिनांक ध्यानात ठेवला तर पुढचा दावाही टिकत नाही. बीबीसीची नियमित सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाली ती उत्तर लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेसहून, तेव्हा या मनोऱ्याचा पायाही खणलेला नव्हता. दूरचित्रवाणीचे आद्य संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांच्या कंपनीचे स्टुडिओ १९३३पासून काचमहालात होते आणि तिची प्रायोगिक प्रक्षेपणे दक्षिण जलमनोऱ्यावरून होत असत, हे खरे आहे. घोटाळ्याचे मूळ बहुधा तेथेच असावे, पण प्रयोग आणि नियमित सेवा या दोन गोष्टी एक नव्हेत.

उंचीचा मान १९९१मध्ये पूर्ण झालेल्या, २३५ मीटर उंचीच्या वन कॅनडा स्क्वेअरमुळे केव्हाच गेला आहे. शोभेचे म्हणाल, तर १९६४मध्ये बीबीसी टू या वाहिनीचे ६२५ आडव्या रेषांच्या चित्राचे प्रक्षेपण लंडनकरांना याच मनोऱ्याने दिले, आणि एप्रिल २०१२मध्ये ॲनालॉग सेवा बंद झाल्यावरही लंडनचे डिजिटल प्रक्षेपण मुख्यतः येथूनच होत राहिले.

काचमहालाचे अवशेष पाहायचेच असतील, तर दक्षिण जलमनोऱ्याचा पाया ॲनर्ली हिलवर आजही आहे. भाचीला वही घेऊन तेथे घेऊन जा, असे मी बहिणीला कळवले आहे.