बारचं बिल फुगतं कुठे?

बारमध्ये पैसे वाचवायचे म्हटलं की लोक मेन्यूवर सगळ्यात स्वस्त काय आहे ते शोधायला लागतात. पण बिल दरापेक्षा पिण्याच्या वेगाने जास्त वाढतं, आणि हा वेग वाढवतो तो राउंड.

पाच जणांनी आळीपाळीने सगळ्यांना पाजायचं ठरवलं की प्रत्येकाचे पाच ड्रिंक तिथेच पक्के झाले, तुम्हाला तीनच पुरणार असले तरी. पुढचा राउंड येतो तो सगळ्यात भरभर पिणाऱ्याचा ग्लास रिकामा झाला की. बाकीचे आपलं उरलेलं घाईघाईने संपवतात. शिवाय बिअर पिणारा कॉकटेलवाल्याचे पैसे भरतो. म्हणून बसतानाच सांगून टाका, टीटीएमएम! पहिल्या ड्रिंकच्या आधी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. कुणी एकदा पाजल्यावर सांगितलं तर मात्र तो चिकटपणा दिसतो, आणि दिसणारच.

दरांची तुलना करायचीच असेल तर मिलीला टक्क्यांनी गुणा. ५% ची ३३० मिली बिअर म्हणजे १६.५ मिली शुद्ध अल्कोहोल, १२% ची १५० मिली वाइन म्हणजे १८, आणि ४२.८% ची ३० मिली व्हिस्की म्हणजे साधारण १३. ग्लासच्या किमतीला या आकड्याने भागलं की कोणता ग्लास खरंच महाग आहे ते कळतं. पण "कमी पैशांत जास्त चढते" म्हणून कडक घेणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. शॉट एका घोटात संपतो आणि लगेच दुसरा मागवला जातो, तर एक बिअर सहज अर्धा तास पुरते. संध्याकाळ बसून घालवायची आहे ना, मग तासाला किती खर्च होतो ते बघा.

कोला घालूनच पिणार असाल तर महागडा ब्रँड घेऊ नका, कोल्याच्या गोडात त्याची चव राहत नाही. मिक्सरचे, म्हणजे दारूत घालायच्या कोला-सोड्याचे, पैसे वेगळे लावतात का, हे आधी विचारा. बर्फ कमी घातला म्हणून मापून ओतलेली दारू वाढत नाही, फक्त मिक्सर जास्त लागतो. पिचर, म्हणजे बिअरचा मोठा जग, स्वस्त वाटतो, पण त्याची किंमत ग्लासांत भागून बघा. हळू पिणारे असतील तर तळाची बिअर कोमट होते, तिचा गॅस उडतो. आणि कोण किती प्यायलं याचा पत्ता राहत नाही.

हॅपी अवर्सला, म्हणजे सवलतीच्या वेळेत, एकच प्रश्न विचारा: ऑर्डरची वेळ धरता की बिलाची? सगळा घोळ इथे होतो. शेवटच्या पाच मिनिटांत दोन-दोन ग्लास मागवून ठेवू नका. दुसऱ्यातला बर्फ वितळून नुसतं पाणी होतं.

जेवून जा. पोटात अन्न असलं की दारू हळूहळू रक्तात जाते. उपाशी गेलात तर लवकर चढते, मग तिथेच महागाचं मागवणं होतं, आणि खारट चखण्याने तहान आणखी वाढते. दर ड्रिंकनंतर एक ग्लास साधं पाणी घ्या. तहान भागवायला दारू वापरणं हा सगळ्यात महाग प्रकार आहे.

घरून पिऊन निघण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. दारूचा पूर्ण असर व्हायला अर्ध्या ते दीड तासापर्यंत वेळ लागतो. घरी घेतलेली नेमकी बारमध्ये पोहोचल्यावर चढते, आणि हात सैल सुटतो तो तिथेच. घरची बाटलीही संपते, बारचं बिलही होतं.

टॅब, म्हणजे शेवटी एकदम चुकवायचं खातं, उघडू नका. कार्ड काउंटरवर ठेवलं की आकडा शेवटीच दिसतो. दर ड्रिंकचे पैसे रोख द्या, ठरवलेली रोख संपली की बैठक संपली. टॅब असेलच तर मधे एकदा बिल मागवून ग्लास मोजा. न मागवलेली ड्रिंक तेव्हाच सापडतात, दोन तासांनी काय मागवलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

परतीच्या टॅक्सीचे पैसे मात्र आधीच बाजूला काढा. यात काटकसर नको, पिऊन गाडी चालवायचीच नाही. बार बंद व्हायच्या अर्धा तास आधी निघा, कारण बंद झाल्यावर सगळे एकदम टॅक्सी शोधतात आणि ॲपवरचं भाडं चढतं.