वडीलधाऱ्यांना बसवून ठेवल्याने हृदय वाचते काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी घरांतून सध्या एक मजकूर फोनवरून फिरत आहे. साठी उलटलेल्या आईवडिलांच्या हातची कामे काढून घ्यावीत, हृदयाचे ठोके जन्मतःच मोजून मिळालेले असल्यामुळे ते दमून खर्च करू नयेत, म्हातारपणीचे परावलंबन गुडघ्यांमुळे येते व त्याचा हृदयाशी संबंध नसतो, आणि ऐंशीनंतर रक्तदाबाच्या गोळ्यांनी काही साधत नाही, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. लिहिणाऱ्याची माया खरी असेल. परंतु ही चारही विधाने टिकत नाहीत, आणि पहिले तर घातक आहे.

विश्रांतीने शरीराचे काय होते, हे १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे तपासले गेले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले, आणि तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची श्रमक्षमता जेवढी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांत घटली होती, असे दिसले. पडून राहिल्याने रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी होते, हृदय एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलते, आणि तेवढ्याच कामासाठी त्याला अधिक वेगाने धडधडावे लागते. वृद्धांचे नुकसान आणखी लवकर होते: २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांच्या पायांतील सुमारे एक किलो चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, दहा दिवस अंथरुणावर राहिल्याने गेले. आपल्याकडे हे घडण्याची रीत ठरलेली आहे. साधा ताप येऊन जातो, पुण्याहून मुलगा येतो, ‘अप्पा, आता तुम्ही बसा’ म्हणतो, आणि गोठ्यातली वैरण, डेअरीला दूध घालणे, सांजेला कट्ट्यापर्यंत जाणे, सगळे एकाच आठवड्यात दुसऱ्याकडे जाते. पुढे अप्पांना पाटावरून उठताना आधार लागू लागला, की ‘बघा, वय झाले’ असे म्हणायला घरचेच मोकळे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांनाही एके काळी महिना-महिना अंथरुणावर ठेवीत असत. १९५२ साली लेव्हिन आणि लोन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला, आणि पुढे ती जुनी पद्धत मागे पडली.

ठोक्यांचा हिशेब तर लिहिणाऱ्याच्याच अंगावर येतो. नियमित चालण्याने विश्रांतीच्या वेळचे ठोके मिनिटाला ७५ वरून ७० वर आले असे धरले, तर दिवसाला ७,२०० ठोके वाचतात. अर्धा तास ११० च्या गतीने चालल्यास जादा खर्च होतात फक्त १,२००.

परावलंबनाचा हृदयाशी संबंध नाही, हे तिसरे विधान वरवर खरे वाटते, कारण गुडघे दुखतात हे दिसते आणि हृदय दिसत नाही. प्रत्यक्षात हा संबंध दुहेरी आहे. हृदयाची ताकद घटली की माणूस आपणहून कामे टाळतो: बांधाच्या टोकापर्यंत जाणारा निम्म्यावरून परततो, माडीवर झोपणारा खाली अंथरूण मागतो, आडवे होताच धाप लागते म्हणून दोन उशा घेतल्याशिवाय झोपत नाही, पाय सुजल्याने संध्याकाळी चप्पल घट्ट होते. वृद्धांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, छातीत दुखण्याऐवजी नुसता थकवाच पुढे येऊ शकतो. अशा वेळी घरच्यांनी कामे काढून घेतली, की चालणे नाही म्हणून धाप लागणे नाही, आणि धाप नाही म्हणून कोणाला शंकाही नाही. दुखणे मात्र आत वाढत राहते.

येथे सीमाभागापुरती एक गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे. वृद्धांचे स्वावलंबन मोजताना डॉक्टर आंघोळ, कपडे, जेवण यांच्याबरोबर पैशांचे व्यवहार, औषधे, बाजारहाट आणि प्रवासही विचारतात. आमच्याकडे मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांना कन्नड अर्ज वाचता येत नाही म्हणून नातवाला बरोबर न्यावे लागते. ते परावलंबन शरीराचे नव्हे, त्याची गणना वेगळी हवी. मात्र त्याच निमित्ताने त्यांचे बाहेर पडणेच बंद करणे चूक आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटक राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला आहे. सुनेने आजीला घरी बसवण्याऐवजी बाजारासाठी बसथांब्यापर्यंत सोबत करावी.

ऐंशीनंतरच्या गोळ्यांबद्दल २००८ साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी स्पष्ट आहे. ८० वर्षांवरील, उच्च रक्तदाब असलेल्या सुमारे ३,८०० जणांपैकी ज्यांना औषध दिले, त्यांच्यात हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचे २१ टक्क्यांनी कमी आढळले. ते लोक तुलनेने धडधाकट होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अगदी अशक्त माणसाचा दाब फार उतरला, तर उठताना चक्कर येऊन तो पडू शकतो, खुबा मोडू शकतो, आणि मग गेलेले स्वावलंबन परत मिळणे कठीण असते. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, परस्पर वाढवूही नये. बसल्यावरचा आणि उभे राहिल्यावरचा, असे दोन्ही दाब मोजायला डॉक्टरांना सांगावे, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे अप्पांना एकट्यात विचारावे, कारण चारचौघांत ते नाहीच म्हणणार.