पेटचा दाणा फक्त चीनमध्येच बनतो, म्हणे

बडोद्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या ‘जनहितार्थ’ असे शीर्षक दिलेला एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: पाण्याच्या, तेलाच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटल्या ज्या ‘पेट’ या प्लास्टिकपासून बनतात, त्याचा दाणा (जो वितळवून बाटल्या घडवतात) जगात चीनमधील एकच कंपनी बनवते, भारतात त्याचा एकही कारखाना नाही, प्रगत देशांनी नाकारलेला माल आपल्या गळ्यात मारला जातो, बाटलीच्या बुडाशी असलेला 1 हा आकडा ‘एकदाच वापरा’ असे बजावतो, त्यात बीपीए हे घातक रसायन असते, आणि बाटली वापरायचीच असेल तर तीत उकळते पाणी भरून रात्रभर ठेवावे, म्हणजे विष उतरते. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावशीने हे सारे प्रमाण मानून कडधान्यांच्या चांगल्या बरण्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि मंगळ बाजारातून कसलीही खूण नसलेले रंगीत डबे आणले. त्यानंतर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

‘भारतात एकही कारखाना नाही’ हे विधान दुसऱ्या एखाद्या शहरात कोणी केले असते, तर एक वेळ समजून घेता आले असते. ज्या बडोद्यात 1969 साली आयपीसीएल ही सरकारी पेट्रोरसायन कंपनी स्थापन झाली, जिथे पॉलिएस्टरचा (पेट हाही त्याचाच प्रकार) त्या काळचा कच्चा माल असलेले डीएमटी हे रसायन 1973 पासून तयार होऊ लागले आणि जिथल्या कित्येक मराठी घरांतील कोणी ना कोणी त्या संकुलात नोकरीला होते, त्या गावात हा संदेश बिनबोभाट पुढे पाठवला जातो, याचे आश्चर्य वाटते. आयपीसीएल पुढे रिलायन्समध्ये विलीन झाली. त्याच रिलायन्सने शेजारच्या भरूच जिल्ह्यातील दहेज येथे 2015 साली बाटलीच्या प्रतीच्या पेटचा प्रकल्प दोन टप्प्यांत सुरू केला, ज्याची क्षमता वर्षाला सुमारे साडेसहा लाख टन आहे. सुरतेजवळील हजिरा येथे तिचे उत्पादन त्याआधीपासूनच होते. पश्चिम बंगालमधील हल्दिया आणि हरियाणातील पानिपत येथे आयव्हीएल धनसेरी ही कंपनी हा दाणा बनवते.

तरीही कोणाला शंका असेल, तर 2016 सालचा अमेरिकेचा निर्णय पाहावा. तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने कॅनडा, चीन, भारत आणि ओमान या चार देशांतून येणाऱ्या पेटमुळे अमेरिकी उत्पादकांचे नुकसान होत असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्या मालावर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्त आयात रोखणारे जादा शुल्क, लागू झाले. ज्या देशात एकही कारखाना नाही, त्या देशाचा माल अमेरिकेला इतका स्वस्त आणि इतका जास्त कसा वाटला, याचे उत्तर संदेशकर्त्याने द्यावे. या एकाच निर्णयात ‘फक्त चीन’ हा दावाही कोसळतो, कारण यादीत आणखी तीन देश आहेत आणि तक्रार करणारे अमेरिकी उत्पादक हे पाचव्या देशातले.

एका कंपनीच्या मक्तेदारीची गोष्ट तर निव्वळ कल्पित आहे. या दाण्याच्या जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणली जाणारी इंडोरामा व्हेंचर्स ही थायलंडची कंपनी आहे. मेक्सिकोची आल्पेक आणि तैवानची फार ईस्टर्न न्यू सेंच्युरी याही मोठ्या कंपन्या आहेत. टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे इटलीच्या एम अँड जी समूहाने प्रचंड प्रकल्प उभारायला घेतला, 2017 मध्ये तेथील कंपनीचे दिवाळे निघाले, आणि वर नावे आलेल्या याच तिघांनी तो अर्धवट प्रकल्प एकत्र येऊन विकत घेतला. 2023 मध्ये त्यांनीही बांधकाम थांबवले. मक्तेदारीच्या धंद्यात अशी दिवाळखोरी ओढवत नाही आणि प्रतिस्पर्ध्यांवर एकत्र येऊन कारखाना घेण्याची वेळ येत नाही.

अर्धसत्य एवढेच की, पेटचा सर्वांत मोठा उत्पादक आणि निर्यातदार देश आज चीन आहे, आणि त्याच्या स्वस्त मालाचा त्रास आपल्या कारखान्यांनाही झाला आहे. म्हणूनच देशी उत्पादकांच्या तक्रारीवरून भारताने 2021 मध्ये चिनी पेटवर अँटी-डंपिंग शुल्क बसवले, आणि युरोपीय संघानेही 2024 मध्ये तेच केले. ही भांडणे किमतीची आहेत, विषाची नव्हेत. कच्च्या मालाबाबतही आपण पूर्ण स्वावलंबी नाही: पेटसाठी पीटीए आणि एमईजी ही दोन रसायने लागतात, आणि यांपैकी एमईजी आपण सौदी अरेबिया, कुवेत अशा देशांतून बरेच आणतो. 

प्रगत देशांनी पेट नाकारल्याचे म्हणणे दोन ओळींपलीकडे उत्तर देण्याच्या लायकीचे नाही. अमेरिका आणि युरोप या दोन्हीकडे अन्नासाठी ते मान्यताप्राप्त असून तिथली शीतपेये आणि पाणी त्यातच विकले जाते. बुडाचा 1 हा आकडा 1988 साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने पुनर्वापरासाठी वर्गवारी करता यावी म्हणून ठरवला. 1 म्हणजे पेट, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, अशी ही प्लास्टिकच्या प्रकारांची नावे. संदेशाच्या हिशेबाने मग 5 आकड्याचा डबा पाच वेळा वापरायचा काय? बीपीए लागते ते पॉलिकार्बोनेट हे वेगळे प्लास्टिक बनवताना. पेटच्या कृतीत त्याचा संबंध येत नाही.

खरी चीड येते ती उकळत्या पाण्याच्या सल्ल्याची. पेट 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान नरम पडू लागते, त्यामुळे उकळते पाणी ओतताच साधी बाटली हातात आकसते आणि भाजण्याचा धोका निर्माण होतो. शिवाय पेट बनवताना बहुधा अँटिमनी या धातूसदृश मूलद्रव्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अल्पसा अंश दाण्यात शिल्लक राहतो. नेहमीच्या तापमानाला तो पाण्यात अत्यल्प उतरतो आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या लिटरला 20 मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या सहसा बराच खाली असतो. उष्णतेने मात्र हे प्रमाण वाढते. म्हणजे विष उतरवण्याचा म्हणून जो उपाय सांगितला आहे, तोच नको असलेला पदार्थ पाण्यात उतरवणारा आहे. मे महिन्यात गाडीत तापत पडलेले पाणी पिऊ नये हे सांगणे रास्त ठरले असते, पण संदेशात नेमके तेवढेच नाही.

मावशीने दिलेल्या बरण्या कोरड्या कडधान्यांच्या होत्या आणि त्यांत गरम काही कधी पडले नव्हते. नव्याने आणलेले रंगीत डबे कोणत्या प्लास्टिकचे आहेत, ते अन्नासाठी बनवले आहेत की बादल्यांच्या भंगारातून, हे त्यांवर कुठेच लिहिलेले नाही. त्यांत सध्या मसाले भरले आहेत. ते काढून काचेच्या बाटल्यांत भरावेत, असे मी तिला सांगितले आहे.