पॅटन, शर्मन आणि चालवणारे हात

संरक्षण खरेदीची बातमी आली की आपल्याकडे चर्चा रंगते ती पल्ल्याची, किमतीची आणि विकणाऱ्या देशाची. ते शस्त्र चालवणाऱ्या जवानाला वर्षाकाठी किती खरे गोळे झाडायला मिळणार, हा प्रश्न मात्र मी वाहिन्यांवर अजून ऐकलेला नाही. माझ्या मते सरावाचा खर्च खरेदीच्या किमतीतच धरला पाहिजे, आणि असे वाटण्याचे मुख्य कारण म्हणजे सप्टेंबर १९६५ मधली असल उत्तरची लढाई.

पंजाबातल्या खेमकरण भागात पाकिस्तानने अमेरिकी पॅटन रणगाडे उतरवले. समोर आपले सेंच्युरियन होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले शर्मनही होते. शर्मन घेऊन लढणाऱ्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व पुढे लष्करप्रमुख झालेले, मूळचे अलिबागचे अरुणकुमार वैद्य करत होते. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची होती, पण तिचे अंतरमापक यंत्र दोन्ही डोळ्यांनी पाहत नेमके जुळवावे लागे, आणि हे कसब मुरायला वेळ लागतो. तेवढा सराव पाकिस्तानी तोफचींना मिळाला नव्हता, असे अनेक लष्करी अभ्यासकांनी म्हटले आहे. पाकिस्तानने तिथे नव्वदहून अधिक रणगाडे गमावले. अर्थात सगळे श्रेय प्रशिक्षणाला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण शेतांत सोडलेल्या पाण्याने झालेला चिखल आणि उसाच्या आडोशाने साधलेली मोर्चेबांधणी यांचाही त्यात मोठा वाटा होता.

याच लढाईत पॅटन रणगाडे फोडणारे परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांची शौर्यगाथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा एक तपशील मागे पडतो. ते तेव्हा कंपनीचे क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे सामानसुमानाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मात्र आधीची काही वर्षे त्यांनी १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस, म्हणजे डागताना मागे धक्का न देणारी, रणगाडाविरोधी तोफ हाताळली होती आणि तिच्यावरचे ते नावाजलेले नेमबाज होते, म्हणून त्यांना पुन्हा त्या तोफांवर आणले गेले. जीपवर बसवलेल्या या तोफेला चिलखत नसते. नेम तपासण्यासाठी आधी जोडबंदुकीतून चमकणारी गोळी सोडायची, ती लक्ष्यावर बसली की तोफ डागायची, आणि मागून उडालेल्या धुरळ्यामुळे जागा उघड होताच जीप हलवायची. हे सगळे काही क्षणांत करणे केवळ माहितीपुस्तक वाचून जमत नाही.

याचा अर्थ जुनी हत्यारे चालतील असा कोणी काढू नये. १९६२ मध्ये आपले जवान कसलेले होते, तरीही चिनी स्वयंचलित शस्त्रांपुढे दर गोळीला बोल्ट ओढायची थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन त्यांना उभे राहावे लागले. तो दोष सर्वस्वी व्यवस्थेचा होता.

तरीही पैशांची ओढाताण झाली की सरावाच्या दारूगोळ्याला कात्री लावणे सर्वांत सोपे जाते, कारण न झालेला सराव संचलनात दिसत नाही. दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे प्रशिक्षणावर मर्यादा आल्याची नोंद सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने २०१५ च्या अहवालात केली होती. खरा गोळा न झाडता सराव देणारे सिम्युलेटर उपयोगी आहेत, महागड्या क्षेपणास्त्रांच्या बाबतीत तर अपरिहार्यच आहेत. पण धूर, दणका आणि धास्ती यांची सवय अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सराव मैदानावर किंवा देवळालीच्या तोफखान्याच्या मैदानावरच होते. म्हणून प्रत्येक नव्या कराराच्या घोषणेत किती नग घेतले यासोबत सरावासाठी किती गोळे, किती सिम्युलेटर आणि किती प्रशिक्षक, हे आकडेही गोपनीयता सांभाळून संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यावेत.