क्लुझोला 'फ्रान्सचा हिचकॉक' म्हणणं आता पुरे

फ्रेंच सिनेदिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझोचं नाव निघालं की कुणीतरी "फ्रान्सचा हिचकॉक" म्हणतंच. कौतुकाने म्हणतात, पण मला ते कधी पटलं नाही. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक घाबरवता घाबरवता मिश्कील हसतो. क्लुझोकडे ती सोय नाही. गुन्हेगार सापडला तरी सुटल्यासारखं वाटत नाही, कारण तोवर बाकीची मंडळीही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत हे कळून चुकलेलं असतं.

'ल कॉर्बो' घ्या. साल १९४३, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, आणि सिनेमा काढणारी कॉन्टिनेन्टल कंपनीही जर्मनांचीच. गोष्ट एका छोट्या गावातल्या निनावी पत्रांची. शेजारीच शेजाऱ्याची चहाडी करत होता त्या काळात हा विषय! त्यात एक प्रसंग आहे. म्हातारा डॉक्टर टांगलेला दिवा झुलवतो आणि विचारतो, उजेड कुठे संपतो, अंधार कुठे सुरू होतो? तरुण डॉक्टर म्हणतो, सोपंय, दिवा थांबवा. थांबव बघू, म्हटल्यावर हात लावतो आणि पोळून घेतो. मला वाटतं, अख्खा क्लुझो त्या दिव्यात आहे.

सिनेमावर सगळेच भडकले. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारचे लोक, चर्चवाले, भूमिगत प्रतिकार करणारेसुद्धा. फ्रान्स मुक्त झाल्यावर क्लुझोवर आजन्म बंदी आली. तत्त्वज्ञ-लेखक सार्त्रसारखी माणसं त्याच्या बाजूने उभी राहिली आणि शिक्षा २ वर्षांवर आली. कॉन्टिनेन्टलमध्ये काम करणं मी गोड मानून घेणार नाही. पण या सिनेमाला जर्मनांचा प्रचार म्हणणाऱ्यांनी तो नीट पाहिला होता का, हा प्रश्न उरतोच.

१९४७ मध्ये 'के देझ ऑर्फेव्र' घेऊन तो परतला आणि व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शक ठरला. मग १९५३ चा 'द वेजेस ऑफ फिअर'. कान आणि बर्लिन, दोन्ही महोत्सवांतला सर्वोच्च मान एकाच वर्षी! दक्षिण अमेरिका दाखवली आहे, शूटिंग मात्र दक्षिण फ्रान्समधलं. दोन ट्रक, चार माणसं, मागे नायट्रोग्लिसरीन, जरा धक्का लागला तरी फुटणारं स्फोटक. ट्रक हलायलाच जवळजवळ तास लागतो, त्यावरून कुरकुरणारे खूप भेटतात. अहो, तो तास नसता तर पुढे कुणाच्या जिवाची धाकधूक वाटली असती? आणि तो स्फोट! आधी मागच्या ट्रकमधला नट चार्ल्स व्हानेल सिगारेट वळतोय आणि कागदावरची तंबाखू भुर्रकन उडून जाते. पुढचा ट्रक गेला. बस्स, एवढंच.

'ले दियाबोलिक' (१९५५) बद्दल काही सांगत नाही. शेवट कुणाला सांगू नका, असं क्लुझोनेच पडद्यावर बजावलं आहे. एवढंच सांगतो, ज्या बोआलो-नार्सजाक जोडीच्या कादंबरीवरून तो आला, त्यांच्याच दुसऱ्या कादंबरीवरून हिचकॉकने 'व्हर्टिगो' केला, तोही नंतर, १९५८ मध्ये. आता सांगा, कोण कुणाचा!

सेटवर नटांना छळणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. काही रसिक तेही कौतुकाने सांगतात, मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. १९६४ मध्ये 'लान्फेर' सुरू केला. अभिनेत्री रोमी श्नायडर होती, पैशाला तोटा नव्हता. नायक सर्ज रेजियानी सोडून गेला, मग क्लुझोलाच हृदयविकाराचा झटका आला आणि सिनेमा अर्धवट पडला. उरलेल्या रिळांवर २००९ मध्ये एक माहितीपट आला. निळ्या ओठांची रोमी, चेहऱ्यावर फिरणारे दिवे... बघाच.

सुरुवात मात्र 'ल कॉर्बो'पासून करा. आणि कमेंटमध्ये 'दियाबोलिक'चा शेवट लिहिणाऱ्याला मी सरळ ब्लॉक करणार आहे.