स्वानेतीतली ‘शांतता’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जॉर्जियातल्या स्वानेती या डोंगराळ भागात मेस्तिया आहे, तिथल्या स्कीइंगवरच्या लेखात मी लिहिलं होतं, “लिफ्टला रांग नाही, उतारावर फक्त आपण आणि बर्फ.” त्यावर तुम्ही विचारलंत, “जिथे माणसं रोज रात्री संसदेसमोर उभी राहतात, तरुण पोरं देश सोडून चाललीत, तिथल्या ओसाडपणाला तुम्ही शांतता म्हणता?” तुमची लेक राजधानी तिबिलिसीत एमबीबीएस करतेय, संसदेसमोरच्या रुस्तावेली मार्गावरून रोज ये-जा करते. हा प्रश्न नुसता वादासाठी नाही, हे मला कळतं.

ओसाडपणाचं तुमचं म्हणणं मान्य. लेखात गाळलेली एक गोष्ट आता सांगतो. आम्ही उतरलो त्या घरची बाई सकाळी कुब्दारी करायची, म्हणजे मांसाचं सारण भरलेली जाड रोटी. पिठाच्या डब्याला फोन टेकवलेला असायचा. पलीकडे इटलीत तिची बहीण, एका म्हातारीला सांभाळायला राहिलेली. बोलणं फारसं नाहीच. ही इकडे पीठ मळतेय, ती तिकडे भांडी विसळतेय, फोन तासभर चालू. जेवणाच्या टेबलाला आठ खुर्च्या आणि घरात माणसं तीन. हे सगळं मी पाहिलं, आणि लिहिलं मात्र बर्फाबद्दल. चुकलंच माझं.

पण गावं रिकामी होणं कालपरवाचं नाही. १९८७च्या हिवाळ्यात स्वानेतीत हिमकडे कोसळले, माणसं दगावली, कितीतरी कुटुंबं खाली सपाटीवर हलवली गेली. १९८९च्या जनगणनेत जॉर्जियाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख होती, २०१४मध्ये ३७ लाख. दुसऱ्या आकड्यात जॉर्जियापासून फुटलेले अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया नाहीत, पण ते धरूनही एवढी घट भरून निघत नाही. २०१७पासून युरोपात ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. त्या ९० दिवसांसाठी गेलेल्या कितीतरी जणी परतल्याच नाहीत. २८ नोव्हेंबर २०२४ला पंतप्रधान कोबाखिद्झे यांनी जॉर्जियाच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी २०२८अखेरपर्यंत बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री लोक रस्त्यावर आले. का आले, ते मला त्या स्वयंपाकघरात उमगलं.

“अशा वेळी तिथे फिरायला जाणंच गैर” हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. हात्सवाली आणि तेत्नुल्दी या मेस्तियाजवळच्या स्कीच्या उतारांवरच्या लिफ्ट सरकारी कंपनीच्या आहेत, तिकिटाचे पैसे तिकडेच जातात, ते टळत नाही. राहण्याजेवणाचे पैसे मात्र थेट त्या बाईच्या हातात पडतात. तिचा थोरला मुलगा लिफ्टवर कामाला आहे. तोच म्हणाला, “हिवाळ्यात पाहुणे आले नाहीत तर धाकट्यालाही मावशीकडे पाठवावं लागेल.” तिथे न जाऊन आपण सरकारला काही धडा शिकवत नाही, त्या टेबलाची आणखी एक खुर्ची तेवढी रिकामी करतो.

मूळ लेखातलं ते वाक्य मी तसंच ठेवलंय, त्याखाली फोनची ही हकीकत जोडलीय.

लेकीला जायचं असेल तर झुगदिदीपर्यंत रेल्वेने जाऊ दे. पुढे मार्शुत्का, म्हणजे आपली वडाप. बर्फाने रस्ता बंद पडतो, दोन दिवस हातचे ठेवायला सांगा. बंद जागेत जनरेटर चालू असेल तर तिथे मुळीच झोपू नये. डिसेंबर २०२४मध्ये गुदाउरी या स्कीच्या ठिकाणी अशाच विषारी वायूने बारा जण दगावले, बहुतेक भारतीय होते. मांस खात नसेल तर ताश्मिजाबी मागावी, बटाटा आणि चीजची. आणि सकाळी स्वयंपाकघरात फोन चालू दिसला तर पलीकडच्या बहिणीलाही “गामारजोबा”, म्हणजे नमस्कार, म्हणायला सांगा.