दोन डिक्या आणि एक बेअरिंग

नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. लोकांनी दिवसभर खपून केलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं माझं काम. पिनेचा व्यास दोन मायक्रॉनांनी जास्त भरला तर अख्खा लॉट लाल पेटीत टाकणारा मी माणूस. घरातला मिक्सरसुद्धा वॉरंटी कार्ड वाचून मगच घेतलेला. अशा माणसाने 2007 सालची, दोन सीटांची, कापडी छपराची पोर्शे बॉक्सस्टर घ्यावी की नाही, हा प्रश्न मुळात पडायलाच नको होता.

गाडी दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराची. एक्स्पोर्टचं एक वर्ष चांगलं गेलं तेव्हा त्यांनी हौसेनं मुंबईहून आणलेली. किंमत विचारली तर ऑफिसातला जो तो हल्ली घेतो त्या नव्या एसयूव्हीएवढी. इथेच घात झाला. कोटीभर सांगितली असती तर मी चहा पिऊन, गाडीबरोबर एक फोटो काढून सुखानं घरी आलो असतो.

आता या गाडीचं दुखणं सांगतो, त्याशिवाय माझं कळणार नाही. बॉक्सस्टर 1996 साली बाजारात आली. इंजिन सीटांच्या मागे, मधोमध. सहा सिलिंडर, तीन या बाजूला आडवे पडलेले, तीन त्या बाजूला. या इंजिनात एक मधला शाफ्ट आहे. पिस्टनांनी फिरणारा क्रँकशाफ्ट त्याला साखळीनं फिरवतो आणि तो पुढे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या साखळ्या फिरवतो. या मधल्या शाफ्टच्या एका टोकाला एक सीलबंद बेअरिंग. काळ जातो तसं आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग झिजतं आणि एक दिवस फुटतं. मग साखळ्यांचा ताळमेळ सुटतो, आणि ज्यांनी आयुष्यात एकमेकांचं तोंड बघायचं नाही असे व्हॉल्व्ह आणि पिस्टन समोरासमोर येतात. त्यानंतर इंजिनाची दुरुस्ती नसते, दुखवटा असतो. अमेरिकेत मालक यावरून कोर्टात गेले आणि कंपनीनं तडजोड केली.

पुढे कंपनीनं हे बेअरिंग मोठं केलं आणि फुटण्याचं प्रमाण बरंच घटलं. मात्र मोठं केलेलं बेअरिंग अख्खं इंजिन उकलल्याशिवाय बाहेरच निघत नाही. 2009 च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच ठेवला नाही. म्हणजे 2007 ची गाडी नेमकी मधल्या पिढीतली. धोका कमी, उपाय अवघड.

आमच्या धंद्यात अशा वेळी एफएमईए नावाचा तक्ता करतात. प्रत्येक संभाव्य बिघाडाला एक ते दहामध्ये तीन वेळा गुण द्यायचे. बिघाड किती गंभीर, किती वेळा होईल आणि होण्याआधी पकडता येईल का. पकडणं जितकं अवघड, तितके गुण जास्त. तिन्हींचा गुणाकार केला की जोखमीचा आकडा मिळतो. आमच्याकडे तो शंभरापुढे गेला की कारणं दाखवावी लागतात. मी रात्री जेवणानंतर डायनिंग टेबलवर तक्ता मांडला. बेअरिंग : गांभीर्य 10, वारंवारता 2, पकडणं 8. एकूण 160. शिस्तीत ठरल्याप्रमाणे वागायचं तर गाडी लाल पेटीत.

बायको शाळेत गणित शिकवते. तिनं तक्ता हातात घेतला, गुणाकार तपासला आणि लाल पेननं खाली एक ओळ वाढवली. संभाव्य बिघाड : नवरा. गांभीर्य 10, वारंवारता 10, पकडणं 1, कारण बघायला आलास तेव्हाच लक्षात आलं होतं म्हणे. एकूण 100. म्हणजे मी काठावर पास झालो आणि गाडी साठ गुणांनी नापास. यावर तिचं म्हणणं एवढंच, "एफडी मोडायची नाही." मग पेनाला टोपण लावता लावता, "आणि ते छप्पर उघडायला किती वेळ लागतो?"

बारा सेकंद लागतात. मला तोंडपाठ होतं.

खरी गंमत पुढेच आहे. जाणकार सांगतात की ही बेअरिंगं जास्त चालवलेल्या गाड्यांपेक्षा नुसत्या उभ्या ठेवलेल्या गाड्यांत जास्त फुटतात. गाडी तापली पाहिजे, तेल नीट फिरलं पाहिजे, वेळेवर बदललं पाहिजे. बागायतदार मात्र मोठ्या अभिमानानं सांगत होते, "18 वर्षांत 40 हजारसुद्धा नाही चालली, सर. फुलासारखी ठेवलीय." फुलासारखी ठेवली हीच तर भीती. म्हणजे औषध काय, तर रोज दामटणे. आता ते नाशिकमध्ये करायचं कुठे? संध्याकाळी कॉलेज रोडवर गाडी तापते हे खरं, पण जागच्या जागी. द्वारका चौकात तर पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जायची संधी मिळाली तर मागचे लोक अभिनंदन करतील. राहता राहिला समृद्धी महामार्ग. इगतपुरीला चढलं की नागपूरपर्यंत मोकळं रान, आणि मुंबईकडे गेलं तर सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा. त्या बोगद्यात छप्पर उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा, या कल्पनेनं मी एका मीटिंगमध्ये स्वतःशीच हसलो आणि एका व्हेंडरला वाटलं त्याचा माल पास झाला. पण समृद्धीवर वेगमर्यादा 120. ही गाडी 250 च्या वर जाते. म्हणजे पैसे पूर्ण गाडीचे द्यायचे आणि वापरायची अर्धी.

आधी ती सोसायटीच्या बाहेर तरी पडली पाहिजे. गाडीच्या पोटाखाली वीतभरही जागा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आमच्या गेटजवळचा गतिरोधक समितीनं एका रविवारी उरलेल्या सिमेंटमध्ये स्वतः केलेला. कारखान्यातून हाइट गेज आणून मी तो मोजला. उंची 16, आणि रुंदी इतकी कमी की त्याला गतिरोधक म्हणण्यापेक्षा उंबरठा म्हणावं. मी वाकून मोजतोय हे बघून चेअरमन खाली आले. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "वेड लागलंय का? सिंहस्थाची कामं चाललीत, अख्खं शहर खणून ठेवलंय. 2027 पर्यंत ट्रॅक्टर घ्या." बोलणं बरोबर होतं. शिवाय 2007 च्या गाडीचं नूतनीकरण झालेलं पासिंगही नेमकं 2027 लाच संपणार, म्हणजे साधू आणि मी एकाच वर्षी रांगेत. चेअरमन जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "दोनच सीट आहेत ना? आणि छप्पर उघडतं? नाही, डिसेंबरात आमच्या मुलीचं लग्न आहे. वरातीला..."

एवढ्यात बागायतदारांचा फोन आला. बागेची औषधं घ्यायला ते नाशिकला येणार होते, गाडी घेऊनच येतो म्हणाले. मी त्यांना थेट सातपूरला माझ्या मिस्त्रीकडे बोलावलं. हा मिस्त्री म्हणजे गाडीच्या आवाजावरून मालकाचा स्वभाव ओळखणारा. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पुढचं बॉनेट उघडलं. आत डिकी. रिकामी, स्वच्छ, कार्पेट घातलेली. "अच्छा, इंजिन मागं," असं म्हणून त्याने मागचं झाकण उघडलं. आत पुन्हा डिकी, आणि तिच्यात द्राक्षांच्या भुरी रोगावर मारायच्या गंधकाच्या दोन पिशव्या.

मिस्त्री बराच वेळ काही बोलला नाही. मग बागायतदारांकडे वळून म्हणाला, "भाऊ, इंजिन घरी राहिलं का?"

"आहे ना. मधी."

"मधी कुठं?"

"तुम्ही टेकून उभे आहात तिथं."

इंजिन वरून दिसत नाही. मागच्या डिकीत फक्त दोन झाकणं, एक तेलाचं, एक कूलंटचं. मिस्त्री म्हणाला, "म्हणजे गाभारा बंद. मुखदर्शन." मग स्कॅनर लावला, गाडी लिफ्टवर घेऊन खालून बॅटरी मारली, कापडी छपराच्या कडेच्या नळ्यांत पाणी ओतून पाहिलं. या नळ्या पानांनी तुंबल्या की पावसाचं पाणी आत सीटखाली जमतं, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. पाणी खाली रस्त्यावर आलं. त्याला ते जरा लागलं असावं. हात पुसत त्याने निकाल दिला, "घेऊ नका सर. पार्ट जर्मनीचा, सर्व्हिस मुंबईची, आणि घाटात बंद पडली तर उचलायला फ्लॅटबेड. सुखाचा जीव का दुःखात घालता?" मी मान डोलावली. मग तो म्हणाला, "एक राउंड मारू? पपया नर्सरीपर्यंत जाऊन येतो."

पपया नर्सरी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही चहा घेतला, दुसरा घेतला, बागायतदारांनी मला डावणीवर कुठलं औषध चालतं ते समजावून सांगितलं. मिस्त्री परतला तेव्हा कपाळाला गंध होतं. त्र्यंबकला जाऊन आला होता. "रस्ता मोकळा होता," एवढंच म्हणाला. मत बदललेलं नव्हतं. घेऊ नकाच. "पण घेतलीच तर तेल माझ्याकडे बदलायचं. फिल्टर कापून बघायचा प्रत्येक वेळी. धातूचा चुरा दिसला की समजायचं बेअरिंग बोललं."

ऑफिसातली मतं लवकर आटपतो. एकाने विचारलं मायलेज किती, दुसऱ्याने विचारलं पुढच्या डिकीत सीएनजीची टाकी मावेल का. दुसऱ्याशी मी सध्या बोलत नाही.

उरले बाबा. बाबा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले. मिग 21 बांधण्यासाठी तिथे 1964 साली कारखाना उभा राहिला. बाबा नंतरच्या भरतीतले, सगळी नोकरी एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर. मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी विभागणी होती. त्यामुळे घरात काहीही बिघडलं की बाबांचा पहिला प्रश्न, सांगाड्याचा दोष की इंजिनाचा? इंजिनाचा असेल तर ते हात वर करतात. मी बेअरिंगची कथा सांगितली तेव्हाही तेच. "इंजिनाचं मला विचारू नकोस. इंजिन कोरापूटचं."

"पण बाबा, लोक या गाडीला बिनभरवशाची म्हणतात."

हे मी बोलायला नको होतं. मिग 21 ला लोक उडती शवपेटी म्हणायचे, आणि घरात कुणी पाहुणा तसं बोलला की बाबा जेवणावरून उठायचे. 26 सप्टेंबर 2025 ला हवाई दलानं चंदीगडला मिगला निरोप दिला तेव्हा ते टीव्हीसमोर शर्टाची वरची गुंडी लावून बसले होते. आत्ताही त्यांनी चष्मा काढला. "लोकांना काय कळतं? 1963 पासून उडालं ते. यंत्राचे तास मोजायचे असतात. इतके तास भरले की उतरवायचं, उघडायचं, बघायचं. बिघडलं म्हणून नाही. तास भरले म्हणून. गाडीचं लॉगबुक आहे का?"

"सर्व्हिसची फाईल आहे म्हणे."

"मग ती बघू. घ्यायची नाहीये. फाईल बघू."

रविवारी आम्ही तिघं दिंडोरीला निघालो. आमच्या वॅगनआरमधून, जिने आजवर एकदाही दगा दिलेला नाही आणि म्हणून जिच्याबद्दल घरात कधी कुणी काही बोललेलं नाही. बागायतदारांनी ओट्यावर फाईल आणून ठेवली. बाबा पानं उलटत बसले, बायकोनं किमतीचा विषय काढला, आणि मी व्यवसायाला जागून विचारलं, "खरं सांगा, भरवशाची आहे का?"

ते हसले. "सर, चला जरा बागेत." घड उतरायला आले होते. "ऑक्टोबरला छाटणी केली. चार महिने झाले. भुरी सांभाळली, डावणी सांभाळली, बँकेचं सांभाळलं. आता आज रात्री अर्धा तास अवकाळी आला तर हे सगळे मणी तडकणार. सकाळी व्यापारी गेटातूनच परत जाणार. मी रोज रात्री दोनला उठून आभाळ बघतो. त्या गाडीनं मला एकदाही उठवलं नाही." मग घडावरचा एक वाळका मणी काढत म्हणाले, "तुम्ही कारखान्यातली माणसं, तुम्हाला भरवशाची सवय लागलीय."

मी आतल्या आत तक्त्याला द्राक्षांची ओळ वाढवून पाहिली. गुणाकार करवला नाही.

परत आलो तर ओट्यावर नुसती फाईल. बायको गाडीजवळ उभी, आणि छप्पर उघडं. ड्रायव्हरच्या सीटवर बाबा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, नजर समोरच्या कांद्याच्या चाळीवर.

"सांगाडा उत्तम आहे," ते म्हणाले. "एक रिव्हेट सैल नाही."

"बाबा, याला रिव्हेट नसतात."

"तेच म्हणतोय."

"बरं, उतरता ना? निघायचंय."

बाबांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा गुडघ्यांकडे, आणि मग जमीन किती वर आहे त्याचा अंदाज घेतला. "उतरायला दोन माणसं लागतील," ते म्हणाले. "घाई नाही. तोवर तुम्ही टोकनचं काय ते बोलून घ्या."